गिळवेलीचा उपास

मुलुंडच्या आमच्या चाळीत शेजारचे भाऊ धोतरावर कोट चढवून ऑफिसला जायचे आणि दर वाक्यामागे "समजलं ना, वहिनी?" म्हणायचे. डोंगरातल्या झऱ्याकाठून आणलेली गिळवेल त्यांनी गॅलरीत रॉकेलच्या डब्यात लावली होती. "माशी बसली की ही तोंड मिटते, पचेपर्यंत उघडत नाही. समजलं ना, वहिनी?" पुढे माशीच्या जागी पाल आली. भाऊ कौतुकानं सांगायचे, आणि मी बाळाचा पाळणा दारापासून आणखी आत सरकवायची.

भाऊंचं घर कडक शाकाहारी. आषाढी एकादशीला त्यांनी वेलीच्या एकेका तोंडाला फडकं बांधलं. म्हणाले, "घरात सगळ्यांना उपास, मग हिलाच कशी सूट?"

मला हसू आलं. ते मात्र हसले नाहीत. आमचं दार त्यांनी स्वतः ओढून घेतलं. "उपाशी आहे ती. बाळाला बाहेर सोडू नका."

द्वादशीला सकाळी पारण्याआधी फडकी सोडायला गेले आणि त्यांनी मला हाक मारली. सगळी तोंडं घट्ट मिटलेली, फडकी गायब. एका तोंडातून नुसती दशी लोंबत होती.

"उपास मोडला हिनं," भाऊ पुटपुटले, आणि माझ्या कडेवरचं बाळ नि तो डबा यांच्या मधे येऊन उभे राहिले.