मोटार घ्यावी की नको?

हसणार नाही असं कबूल करत असाल, तरच सांगतो. चहा निवतोय, तो घेत घेत ऐका.

मी इतवारीतला संत्र्याचा अडत्या. एका वर्षी हंगाम असा लागला की डोक्यात हवाच शिरली. त्यातच कळलं, सिव्हिल लाइन्समधले एक म्हातारे वकीलसाहेब आपली विलायती मोटार विकताहेत. काय गाडी होती महाराजा! लांबच लांब, आत सोफा, आणि हॉर्न वाजला की माणूस आपोआप नमस्कार करायचा. किंमत मात्र अशी, की तेवढ्यात दुमजली घर झालं असतं.

घ्यावी की नको? माझी झोप उडाली. खरं तर घ्यायची होतीच, पण हा माणूस ती घेऊ शकतो, हे आधी सगळ्या इतवारीला कळायला नको का? म्हणून मी सल्ला विचारत सुटलो. पानठेल्यावर विचारलं, न्हाव्याला विचारलं. रॉकेलच्या रांगेतल्या लोकांनाही विचारलं, "काय गा, पांढरीच ठेवू का काळा रंग मारू?" लोक रिकामा डबा या हातातून त्या हातात घेत माझ्याकडे बघायचे. मला वाटायचं, कौतुकानं बघताहेत.

माझी बायको शांता एकच विचारायची, "गल्लीत शिरन का ते?"

मी म्हणायचो, "तुले काय समजते वं मोटारीतलं?"

मग पोळा जवळ आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते, म्हणजे गावाची इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईचा मोठा पुतळा, आणि तिच्यामागे बडगे. त्या वर्षी ज्यानं लोकांना छळलं असेल त्याचा पुतळा म्हणजे बडग्या. त्याला शिव्या घालत मिरवायचं आणि गावाबाहेर नेऊन जाळायचं. आमच्या गल्लीचा बडग्या नामदेव बनवायचा. मागावर लुगडी विणणारा माणूस, जिभेचा फार गोड. तो पोरांना घेऊन माझ्याकडे आला.

"भाऊ, यंदा बडग्या मोटारीत बसवाचा हाय. पैशेवाला वाटला पायजे. आमी कधी मोटारीत बसलो नाही, तुमीच सांगा."

काळाबाजारवाल्याचा असणार, मी मनात म्हटलं. महागाईच तशी होती. मी पेटलोच! संत्र्याच्या रिकाम्या पेट्या दिल्या, वर पुठ्ठे दिले. विलायती गाडीचं बॉनेट किती लांब असतं ते पावलांनी मोजून दाखवलं. पैसेवाला कसा बसतो हे दाखवायला खुर्चीत बसलो, कोपर बाहेर काढलं, मान तिरपी केली. पोरं डोळ्यांत तेल घालून बघत होती. "पोट अजून समोर येऊ द्या गा," मीच सांगितलं. शेवटी माझा चौकड्यांचा जुना कोटही देऊन टाकला.

नामदेव म्हणाला, "भाऊ, आता काईच बाकी नाही राह्यलं."

मारबतीच्या दिवशी मी वकीलसाहेबांना मुद्दाम माडीवर बोलावलं. मिरवणूक बघायची, चहा घ्यायचा आणि सगळ्या गल्लीदेखत सौदा पक्का करायचा, असा माझा बेत. गल्लीच्या आतल्या टोकाला बांधलेला आमचा बडग्या निघाला, तसा मी कठड्यावरून अर्धा बाहेर वाकून सगळ्यांहून मोठ्यानं ओरडलो, "घेऊन जा गे मारबत!"

गर्दीनं वर पाहिलं आणि असा हशा उठला की विचारू नका.

मग मला मोटारीवरची पाटी दिसली. 'घ्यावी की नको?' चौकड्यांचा कोट दिसला. बाहेर काढलेलं कोपर, तिरपी मान, आणि पोट तर मी सांगितलं त्याहून मोठंच. माझंही कोपर कठड्यावर अगदी तसंच बाहेर होतं. मी ते हळूच आत घेतलं.

वकीलसाहेबांनी चष्मा पुसला. एकदा बडग्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "कोट छान आहे," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात मोटार अडकली. मीच मोजून दिलेलं बॉनेट वळणावरच्या भिंतीला टेकलं आणि मागची बाजू आमच्या ओट्याला अडली. ढकलून ढकलून पोरं घामाघूम झाली. शेवटी बडग्याला खाली उतरवून मोटार आडवी करून काढावी लागली.

शांता चहा घेऊन आली होती. तिनं वाकून खाली पाहिलं आणि म्हणाली, "पुठ्ठ्याची नाही निघून राह्यली, अन् हे लोखंडाची आणत होते."

सौद्याचा विषय वकीलसाहेबांनी काढला नाही, मीही काढला नाही. त्या संध्याकाळी मला कोटासकट जाळण्यात आलं. लाज इतकी वाटली की पुढं कित्येक दिवस मी पानठेल्याकडे फिरकलो नाही.

दुसऱ्या वर्षी पोळा जवळ आला, तसा नामदेव पुन्हा दारात उभा. अगदी अदबीनं विचारलं, "भाऊ, यंदा काई घेऊन राह्यले का?"

मी ठाम 'नाही' म्हटलं. घरात फ्रिज यायचा होता, पण ते मी शांतालासुद्धा सांगितलं नव्हतं.