आपांचे गुलाब आणि माझा संशय

"काका, अम्मी गेली..." नांदेडहून इम्रानचा फोन आला. रजियाआपांना तिथल्या दवाखान्यात नेऊन चारच दिवस झाले होते. खरं सांगतो, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की आता त्यांच्या गुलाबांचं औषध कधीच कळणार नाही.

अहमदपुरात आमची अंगणं शेजारी, मध्ये कमरेएवढी भिंत. मी एसटीत कंडक्टर होतो. तीस वर्षं चेहऱ्यावरून विनातिकीट माणूस ओळखण्यात गेली, ती खोड निवृत्तीनंतरही सुटली नाही. दर पावसाळ्यात माझ्या गुलाबांच्या पानांवर काळे ठिपके पडत, पानं पिवळी होऊन गळत. आपांची झाडं मात्र हिरवीगार. "कोणतं औषध मारता, आपा?" "औषध कुठलं, भाऊ? बुडाशी लसूण लावते. रोग लांब राहतो त्यानं." मला पटलं नाही. दिवसभर शिलाई करणारी ही बाई भल्या सकाळी अंगणात वाकून काय करते, म्हणून मी खिडकीआडून बघायचो. ठिपक्यांची पानं वेचून डब्यात भरायच्या, एवढंच दिसायचं. तरी वाटे, फवारणी मी उठायच्या आधीच उरकत असणार...

एकदा मी आणि बायको निलंग्याला मुलीकडे आठ दिवस राहून आलो, तर माझ्या गुलाबांच्या बुडाशी लसणाच्या पाकळ्या खोचलेल्या! न विचारता? झाडं जळावीत म्हणून तर नाही? रागारागानं सगळ्या उपटून भिंतीपलीकडे फेकल्या. आपा त्यांच्या दारातच उभ्या होत्या. आठवड्यानं झेंडूची रोपं घेऊन आल्या. "हे तर चालतं ना, भाऊ? मुळांचा रोग कमी होतो यानं." मी घेतली, पण लावण्याआधी एकेक रोप उलटंसुलटं करून पाहिलं.

आपांचा चाळिसावा दिवस झाल्यावर इम्रान घर बंद करायला आला. आमच्याकडे चहा पिताना म्हणाला, "त्या लसणावरनं अम्मी लई शरमिंदा झाली होती, काका. म्हणायची, भाऊ माळकरी, त्यांना लसूण चालत न्हाई, मला कळायला पाहिजे होतं."

माळ माझ्या बायकोच्या गळ्यात आहे. मी लसणाच्या चटणीशिवाय भाकरी न खाणारा माणूस. तसं मी त्याला सांगून टाकलं.

"मग फेकला कशाला?"

"संशय आला होता... तुझ्या आईचा."

त्यानं कप खाली ठेवला. "बरं झालं, अम्मीला कळलं न्हाई."

मग उठला, आपांच्या घराला कुलूप लावलं आणि झाडांना पाणी घालायला, घरावर लक्ष ठेवायला म्हणून किल्ली माझ्यापुढे धरली. माझा हात पुढे होईना.

"घ्या ना, काका," तो म्हणाला. "दुसरं कोण हाय इथं?"