पोरगी आज जेवली का?

परतवाड्याच्या बाजारातली मेथीवाली मावशी कुणाचं नावगाव विचारायची नाही. आधी विचारायची, "जेवली का वं माय?" शाळेतल्या नोकरीपायी मी साताऱ्याहून त्या गावात आले, तेव्हा ना बोली कळायची, ना कुणाची ओळख. तिच्या या प्रश्नाने मी भर बाजारात रडले. तिने जुड्या बाजूला सारून मला पोत्यावर बसवलं आणि फडक्यातली अर्धी भाकर पुढे केली.

तेव्हापासून शाळा सुटली की मी तिच्या पोत्यावर. मुलांसाठी मी एक कादंबरी लिहीत होते. इंग्रजांच्या काळात चिखलदऱ्याला एक साहेब कॉफी लावायला येतो. त्याच्या मद्रासकडच्या आचाऱ्याची बारा वर्षांची पोर. बाप वारतो आणि तिथे तिची भाषा कुणालाच कळत नाही. मावशीला अक्षरओळख नव्हती. मी वाचायची, ती जुड्या बांधत ऐकायची. मी साहेबाचा बंगला रंगवून रंगवून वाचावा आणि हिने म्हणावं, "थे सारं असू दे. पोरगी आज जेवली का?"

"अहो मावशी, हे पुस्तक आहे!"

"मंग, पुस्तकात भूक नाई लागत का?"

डोक्याला ताप नुसता! पण घरी जाऊन मी निमूटपणे पोरीच्या ताटात भाकरी लिहायची.

शेवट मात्र माझा ठरलेला होता. हिवतापाने पोर बंगल्यामागच्या खोलीत एकटीच मरते. तो शेवट मी वाचून दाखवला आणि मावशीचे हात थांबले. "माराचं असन तं मार, तुहं पुस्तक हाय. पन एकटी नको मारू वं. कोनी तरी बसव तिच्यापाशी."

मी कसली ऐकते! म्हटलं, खरं असंच घडायचं. चार दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. जेवली का, एवढं मात्र विचारायची.

त्या हिवाळ्यात मावशी आजारी पडली. तिच्या मागेपुढे कुणी नव्हतं, म्हणून मीच तिला अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. दोन दिवस उशाशी बसले. तिसऱ्या दिवशी अकोल्याच्या छापखान्यातून फोन आला: शेवटची पानं आजच तपासून द्या. माझा पाय निघेना. मावशीच म्हणाली, "जाय वं. त्या पोरीचं काय थे पाह्य. पन डबा घेऊन जाय."

छापखान्याच्या बाकावर बसून मी शेवट नव्याने लिहिला. पोरीच्या उशाशी एक मेथीवाली बाई बसते आणि तिचा हात शेवटपर्यंत सोडत नाही. तो कागद मावशीला वाचून दाखवायला मी धावतपळत परत आले, तर खाटेवर नवी चादर घालत होते.

"दुपारीच गेल्या," नर्स म्हणाली.

"जवळ कोण होतं?"

"कोणी नाही हो ताई. जेवणाची वेळ होती."

पुस्तक निघालं. शाळेतली मुलं म्हणतात, "बाई, शेवट किती छान आहे!" त्यांना वर्गात सगळं पुस्तक मी वाचून दाखवते. शेवटचं पान त्यांनाच वाचायला देते.