गळका ब्रेक

मोटरसायकलच्या पुढच्या ब्रेकमधून तेल गळतंय, हे मला माहीत होतं. दर रविवारी मी ओघळ पुसायचो, ब्रेकच्या डबीत नवं तेल भरायचो. तशीच ती जुनी गाडी धाकट्या भावाला, सुधीरला, घाटात न्यायला दिली. उतारावर अपघात झाला, त्याचा पाय गुडघ्यापासून गेला. सगळ्यांनी त्याच्या वेगाला दोष दिला. मी गप्प राहिलो.

आज अंगणात ब्रेकचा कॅलिपर, चाकाची चकती दाबून धरणारा भाग, उघडला. पिस्टनभोवतीचं रबर नखानेच तुटलं. ओघळ पुसला की आपल्याला दुरुस्ती केल्यासारखं वाटतं. आत रबर कडक होतच राहतं.

खुर्चीतून सुधीर म्हणाला, "दादा, एवढं घासतोयस, पण चालवणार कोण? मला तर हळू चालवता येतच नाही."

"चूक तुझ्या वेगाची नव्हती," मी म्हणालो. "ब्रेक गळतोय हे माहीत असून मी तुला चावी दिली. मला माफ कर."