पिनची मान

माझ्या वडिलांच्या चुलतभावाने जगातल्या सगळ्या माणसांची दोन गटांत विभागणी केलेली आहे: पिनला धरून वायर काढणारे आणि वायरला धरून ओढणारे. पहिल्यांवर ते डोळे मिटून विश्वास टाकतात. दुसऱ्यांना ते चहा पाजतात, त्यांच्या लग्नकार्याला जातात, पण आपली कुठलीही वस्तू त्यांच्या हातात देत नाहीत. माझ्यासाठी आलेल्या एका स्थळाबद्दल त्यांचं मत विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पोरगा हुशार आहे, घर चांगलं आहे, पण चार्जर वायरीला धरून उपसतो. संसार कसा करंल?" घरात सगळे हसले. मला ते मत अगदीच टाकाऊ वाटलं नाही, पण मी तसं बोलले नाही.

काका पुण्याच्या एका कारखान्यात होते. आधी खिशातले रेडिओ, मग छोटे टेप, मग मोबाईल. या सगळ्यांत हेडफोनची पिन जिथे जाते ते गोल भोक आणि त्यात जाणारी पिन, एवढंच त्यांनी नोकरीभर डिझाइन केलं. निवृत्त झाल्यावर ते तेर गावी, आमच्या शेजारच्या घरात राहायला आले. "पिन कधी पोटात मोडत न्हाय," ते कुणालाही, अगदी दूधवाल्यालाही सांगतात, "मोडती ती मानेशी." मान म्हणजे वायर पिनमधून बाहेर पडते ती जागा. हे सांगताना त्यांचा हात नकळत स्वतःच्या मानेवर जातो. माझ्या भावाने नवा मोबाईल दाखवायला आणला तेव्हा काकांनी तो सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. गोल भोक कुठेच नव्हतं. "मग आत जायचं कुठनं?" त्यांनी विचारलं. भाऊ म्हणाला, आता आवाज हवेतून येतो. त्या दिवशी काका जेवले, पण दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

हवेवर त्यांचा विश्वास नसल्यामुळे त्यांचं काम मात्र थांबलं नाही. काकूंच्या जुन्या शिलाई मशीनची सुई काढून तिथे त्यांनी एक चिमटा बसवला आहे. पिन खाली पक्की, वायर चिमट्यात. पाय मारला की वायर मानेशी वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते, आणि शेजारचा बारीक दिवा विझला की समजायचं, वायर गेली. पाय मारायचं काम पाहुण्यांचं. "बसा, चहा होईस्तोवर जरा पाय मारा," असं म्हटलं की नाही म्हणायला कुणाला सुचत नाही. जळकोटचे एक पाहुणे लग्नाची पत्रिका द्यायला आले आणि त्या दिव्याकडे बघत पाय मारण्यात इतके रमले की पत्रिका पिशवीत तशीच घेऊन निघाले. बसस्टँडवरून परत आले तेव्हा काकांना वाटलं, दिव्याचं काय झालं ते विचारायला आले असतील.

पिन बघून त्यांना माणूस कळतो. एकदा त्यांनी माझे इअरफोन मागून घेतले, भिंगाखाली धरले आणि हळू आवाजात म्हणाले, "ह्या पिनला घासल्याची खूणच न्हाय. कानात असतात, मोबाईलमध्ये नसतात. व्हय ना?" ते खरं होतं. धाराशिवला नोकरीला जाताना बसमध्ये कुणी बोलायला लागू नये म्हणून मी ते नुसते कानात घालून दुसरं टोक पर्समध्ये सोडते. माझा चेहरा बघून त्यांनी इअरफोन नीट गुंडाळून माझ्या हातात दिले. "असू दे. हा पण एक वापरच आहे." ही गोष्ट त्यांनी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

काकूंना एका तापानंतर कमी ऐकू यायला लागलं. त्यांचं यंत्र जुन्या पद्धतीचं, गळ्यात अडकवलेली डबी आणि तिथून कानापर्यंत वायर. भाकरी थापताना, धान्य पाखडताना, शेळीला पाला घालताना ती वायर सारखी वाकायची आणि शेवटी मानेशी तुटायची. मागच्या वर्षी आम्ही गल्लीतल्या एका बाईंना भेटायला गेलो होतो. त्या आपल्या आईचे शेवटचे दिवस सांगत होत्या आणि मध्येच काकूंची वायर गेली. ऐकू आलं नाही की हसून होकार द्यायचा, ही काकूंची सवय. त्या हसल्या. समोरच्या बाई बोलायच्या थांबल्या. घरी आल्यावर काकूंनी डबी रुमालात बांधली आणि कपाटात साड्यांच्या खाली सारली. "बास झालं. मला आता कुणाचं ऐकायचं न्हाय."

काकांनी नवी वायर पुढे केली, विनवणी केली, चिडूनही पाहिलं. काकू बधल्या नाहीत. तुटणारी वायर त्या पुन्हा कानाला लावणार नव्हत्या. मग उन्हाळाभर शिलाई मशीनचा आवाज येत राहिला. पिनपाशी जाड आणि पुढे पालीच्या शेपटीसारखी निमुळती होत जाणारी रबरी मान काकांनी तयार केली. दिवा विझेना तेव्हा ती वायर त्यांनी शेळीच्या गळ्यात बांधली. शेळीने ती काट्यांत ओढली, दावणीला घासली, चावूनही पाहिली. संध्याकाळी काकांनी ती पुसून काकूंपुढे ठेवली. काकूंनी बराच वेळ ती बोटांत वाकवून पाहिली आणि कानाला लावली. "येतंय का?" काकांनी विचारलं. "येतंय. ओरडताय कशाला?"

ती वायर तुटलीच नाही. पण दिवाळीला त्यांचा मुलगा पुण्याहून कानामागे बसणारं, बिनवायरचं यंत्र घेऊन आला. काकूंनी ते लावलं आणि उठून मोरीतला ठिबकणारा नळ बंद करून आल्या. काकांनी एवढंच विचारलं, "नीट ऐकू येतंय ना?" काकू म्हणाल्या, "लई नीट." "मग झालं," काका म्हणाले. त्यांनी वायर गोल गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि शिलाई मशीनवर चादर घातली. त्यानंतर आलेल्या पाहुण्यांना नुसताच चहा मिळाला.

"वायर होती तवा घडीघडीला यायचे," काकू मला एकदा म्हणाल्या. "हनुवटी वर करून पिन बसली का बघायचे. आता तिकडनंच बोलतात. ऐकू येतंय ना मला."

गेल्या रविवारी मी त्यांच्या ओसरीवर शेंगा फोडत होते. काकूंनी कानामागचं यंत्र काढलं, त्याच्या सेलचं इवलंसं दार नखाने उघडलं आणि ते उघडतं त्याच्या जरा पुढे रेटलं. मग आणखी जरा. मी बघतेय हे त्यांना दिसलं. त्यांनी काम पुरं केलं, यंत्र पुन्हा कानाला लावलं आणि आत हाक मारली, "अहो, ह्याचं दार सैल झालंय वाटतं. टिकंल का हे?"

आत ड्रॉवर उघडल्याचा आवाज झाला. काका भिंग घेऊन आले, काकूंजवळ बसले आणि त्यांची हनुवटी उजेडाकडे वळवली.

"बिजागरीच कच्ची केलीय ह्या लोकांनी," ते म्हणाले. कितीतरी दिवसांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. "मला वेळ लागंल. हलू नको."

"न्हाय हलत," काकू म्हणाल्या आणि डोळे मिटून बसून राहिल्या.