मागच्यानं गायचं

“आवडीचं काम करता करता गेला. असं मरण नशिबानंच मिळतं.” अनंता भोईरच्या दहाव्याला, बदलापूरच्या नदीकाठी, हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं की शेवटी चपला घातल्या आणि कोणाला न सांगता निघून आले. त्याला आता महिना उलटला, पण माझं डोकं शांत झालेलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल चार गोड शब्द लिहायचे असतात, ते मला ठाऊक आहे. ज्यांना गोड हवं त्यांनी हे पान उलटावं. अनंता आवडीचं काम करता करता गेला नाही. चंदेरी किल्ल्याच्या उतारावर, एका दगडाला टेकून, तो एकटा गेला आणि त्याच्या पुढे हाकेच्या अंतरावर आम्ही सगळे गाणी ऐकत मजेत चाललो होतो.

अनंताची आणि माझी ओळख त्याच्या व्हॅनमुळे. मोरिवलीच्या कारखान्यांत माणसांची ने-आण करायचं काम तो करायचा आणि मी तिथल्याच एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. आठवडाभर ती पांढरी व्हॅन पाळीच्या माणसांनी भरलेली असायची आणि रविवारी मात्र डोंगराकडे तोंड करायची. शिवमंदिराच्या कोपऱ्यावर मी चढायचे. उल्हासनगरात पडद्यांच्या कापडाचं दुकान असलेला लछू आधीच पुढच्या सीटवर पसरलेला असायचा, मांडीवर तेलाचा रिकामा डबा घेऊन. तो डबा म्हणजे आमचा तबला. अनंतानं गाडीतला टेप केव्हाच उपटून टाकला होता आणि त्या खाचेत काड्यापेटी आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या ठेवलेल्या असायच्या. कोणी नवा माणूस “गाणी लावा ना” म्हणाला की तो आरशातून बघून म्हणायचा, “लावायचा नाय, बोलायचा. ज्याला बोलता येत नाय त्यानं टाळ्या मारायच्या.” त्याची आई धवलारीण होती, आगऱ्यांच्या लग्नांत धवले गायला तिला दूरदूरची बोलावणी यायची. त्यामुळे अनंताला हळदीपासून पाठवणीपर्यंतची सगळी गाणी यायची. लछूकडे त्याच्या आजीचे सिंधी लाडे होते, तीही लग्नाचीच गाणी. मलंगगड, टावली, बारवीचं जंगल, मुरबाडच्या पलीकडचे घाट… कुठेही जा, व्हॅनमध्ये कोणाचं तरी लग्न लागत असायचं. रस्त्याकडेला स्टोव्ह पेटवून तो सुकट भाजायचा आणि लछू नाक दाबून लांब जाऊन उभा राहायचा, मग भाकरी घेऊन सगळ्यांच्या आधी परत यायचा.

मागच्यानं गायचं, हा नियम लछूमुळे आला. एकदा मलंगच्या जंगलात उतरताना त्याचा पाय मुरगळला. आम्ही बोलत बोलत पुढे निघून गेलो आणि बऱ्याच वेळानं लक्षात आलं की डबा वाजत नाहीये. परत गेलो तर साहेब एका झाडाखाली बसून रडत होते, आणि आम्हाला बघताच रडं थांबवून त्यांनी सिंधीत आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. अनंतानं लछूला खांद्यावर टाकून गाडीशी आणलं आणि मग म्हणाला, “आजपासून जो मागं ऱ्हाईल त्यानं गाना बोलत यायचा. गाना थांबला का पुढच्यानं थांबायचा. मंग आवाज कसा का असंना.” इतकं साधं. शिट्ट्या नाहीत, यंत्रं नाहीत. त्यानंतर बहुतेक वेळा मागे अनंताच असायचा. एकदा मला मागे ठेवलं होतं आणि पाणी प्यायला मी थांबले, तर दोघंही धापा टाकत वर धावत आले. मला पाणी पिताना बघून अनंता असा भडकला की बस. “बाय, पानी प्यायचा तर वरडून सांगायचा! माझा जीव गेला ना आता!” त्यावर आम्ही किती वर्षं हसलो असू.

मग माणसं बदलली. लछूचे गुडघे गेले, तो येईनासा झाला. अनंताचे फोटो कोणीतरी मोबाइलवर टाकले आणि नव्या इमारतींतली तरुण माणसं त्याचा नंबर शोधत आली. माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही, चांगली माणसं होती. त्यांच्यातला प्रणव, तिशीतला, मोठ्या पगाराच्या नोकरीतला, पहिल्या दिवशीच दुधीएवढा एक स्पीकर सॅकला बांधून आला. व्हॅनमध्ये तो वाजला, डोंगरावर वाजला, पठारावर जेवताना वाजला. मी अनंताला बाजूला घेऊन म्हटलं, “अरे, हे बंद करायला सांग. मागचा कसा ऐकू येणार?” तर हा हसला. “जाव दे ना बाय. पोरांना मजा येते. मी बोलतंच येतो ना मागनं.” मला जो राग आहे ना, त्यातला मोठा वाटा या वाक्यावर आहे. कारखान्यातल्या साहेबाला उशीर झाला म्हणून गाडीतून उतरवणारा हा माणूस, चार पोरांपुढे का विरघळला? नियम त्याचा होता. आम्ही तो वर्षानुवर्षं पाळला होता. चांगुलपणा करायला त्याला दुसरी जागा मिळाली नाही? मी त्याच्याशी आजही भांडतेय.

मार्गशीर्षातल्या त्या रविवारी चंदेरीहून उतरताना तो मागेच होता. त्याच्या पुढे चालणारी मुलगी नंतर म्हणाली, “काका सुरुवातीला काहीतरी म्हणत होते, मग मला नीट आलं नाही ऐकू.” कसं येईल? खिंडीत तो स्पीकर असा घुमत होता की स्वतःच्या पावलांचा आवाज येत नव्हता. खाली व्हॅनपाशी पोचल्यावर आधी फोटो निघाले. मग एकानं दार ओढलं, आणि ते बंद होतं, म्हणून अनंता आठवला. सॅका आत टाकायच्या होत्या म्हणून! आम्ही परत वर गेलो तेव्हा तो दगडाला टेकून बसलेला होता, टोपी मांडीवर, मान एका बाजूला. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका, बहुधा बराच वेळ छातीत दुखत असणार, लवकर हालचाल झाली असती तर कदाचित… त्यांनी तो ‘कदाचित’ तिथेच सोडला आणि माझ्या मात्र डोक्यात घुसवला. माझा स्वतःवरचा राग वेगळा आहे, तो मी इथे मांडत नाही. लछूला फोन केला तर तो नुसता ओरडला, “घुटने की ऐसी की तैसी, मी आलो असतो ना! मेरे को बोलायचं ना शैला, उचलून फेकला असता तो स्पीकर!” आणि मग फोन न ठेवता रडत राहिला.

आता पुढचं ऐका. पंधरवड्यापूर्वी प्रणवचा मला फोन आला. अनंताच्या आठवणीत एक ट्रेक ठरलाय, व्हॅनच्या काचेवर त्याचा फोटो लावायचा, सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट. “आणि मॅडम, काकांचं फेवरेट गाणं कुठलं होतं? प्लेलिस्ट बनवतोय.” मी त्याला काय बोलले ते छापण्यासारखं नाही. तरीही तो दोघातिघांना घेऊन अनंताच्या घरी गेलाच, व्हॅन मागायला. मी तेव्हा तिथेच होते, कमलवहिनींबरोबर वाल सोलत बसले होते. वहिनी एकदाही आमच्याबरोबर डोंगरावर आल्या नव्हत्या. रविवारी संध्याकाळी अनंता घरी परतला की कोणतं गाणं म्हणत आलात, एवढंच त्या विचारायच्या आणि तो ते स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणून दाखवायचा. तो गेल्यापासून भेटायला आलेल्या प्रत्येकाला त्या तोच प्रश्न विचारत होत्या. प्रणवलाही विचारला.

“ह्ये शेवटाला कंचा गाना बोलत व्हते?”

प्रणव गडबडला. वहिनींना बरं वाटावं म्हणून असेल, किंवा त्याला खरंच तेवढंच आठवत असेल, त्यानं एका गाण्याचं नाव सांगितलं. मी वाल तसेच सोडले. ते स्पीकरवरचं गाणं होतं, उतारावर तीनतीनदा वाजलेलं.

“यो गाना तर त्यांना येतच नव्हता,” वहिनी म्हणाल्या. मग व्हॅन मिळणार नाही म्हणून सांगितलं आणि पुन्हा वाल सोलायला लागल्या.

व्हॅन त्यांच्या अंगणात उभी आहे. परवा मी गेले तेव्हा वहिनी ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसल्या होत्या, दार उघडं ठेवून. मी जवळ जाताच त्यांनी मलाही विचारलं, “बाय, तुला तरी ठावं आसंल.” कोणाचं लग्न लावत होता तो त्या उतारावर, हळद होती की पाठवणी, की माझ्यासारखाच मध्ये कुठेतरी ओळ विसरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होता… मला ठाऊक नाही. आमच्यातल्या एकालाही ठाऊक नाही. स्पीकरवर काय वाजत होतं ते विचारा, आम्ही सगळे पाठ म्हणून दाखवू.