भिंतीकडे तोंड करून उभी विमानं

मी पाचवीपर्यंत शिकलो, तेही तमिळ शाळेत. मराठी अक्षरं तंजावरला वडिलांनी पाटीवर गिरवून घेतली, तेवढ्यावर हे लिहितो आहे. चुका असतील तर असू देत. मी त्या सुधारणार नाही.

नोकरीभर मी बस चालवली, पण रस्त्यावर नाही, डेपोच्या आत. फेरी संपवून आलेल्या गाड्या मागे घेत रांगेत लावायच्या. सकाळी जी आधी निघणार ती पुढे, बाकीच्या तिच्यामागे, आणि प्रत्येकीचं तोंड फाटकाकडे. लोक याला काम म्हणत नाहीत. माझा मुलगासुद्धा चारचौघांत “अप्पा डेपोत होते” एवढंच सांगतो आणि पुढचं गिळतो.

आता मी त्याच्याकडे अण्णा नगरात राहतो. मुलगा आणि सून तमिळमध्ये बोलतात, नात फोनवर इंग्रजीत. आमची तंजावरची मराठी बोलायची असली की माझ्याच खोलीत यावं लागतं, आणि तिथं यायचं कुणाला काही कारण नसतं.

नात संगणकावरचे खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. एकदा ती आपणहून आली आणि माझ्या खाटेवर बसली.

“ताता, डेपोत गाड्या कशा लावायचास रे तू?”

ताता म्हणजे आजोबा. जन्मात पहिल्यांदा कुणी हे विचारलं. तिच्या खेळात ताऱ्यांमधून जाणारं गावाएवढं जहाज होतं आणि त्याच्या पोटात लढाऊ विमानं. ती बाहेर कशी पडतील, परत कशी येतील, आत कशी ठेवायची, हे सगळं तिला खरं वाटेलसं हवं होतं. उद्या कुणी असं जहाज बांधलंच तर त्याला असंच करावं लागेल, इतकं खरं.

“मग धावपट्टी केवढी ठेवलीस?”

“धावपट्टी नाहीच. जहाज स्वतःभोवती फिरत असतं ना, त्याच्या काठाला लटकलेलं विमान नुसतं सोडायचं. ते आपोआप लांब फेकलं जातं.”

“गोफणीतल्या दगडासारखं.”

“तस्संच!”

“आणि परत येताना? फिरत्या गोफणीत दगड कोण बसवणार?”

ती हसली. “काठाला नाही येत ते. जहाज ज्या आसाभोवती फिरतं, त्याच्या टोकाशी येतं. तिथं फिरणं जाणवत नाही. हळूहळू जवळ येऊन थांबतं, मग जहाजाचा लोखंडी हात त्याला नाकाला धरून आत ओढतो.”

“नाकाला? बैलासारखं?”

“हो रे, बैलासारखं.”

मग ती रोज येऊ लागली. ऑफिसातून आली की कॉफीचा पेला घेऊन सरळ माझ्याकडे. म्हणाली, विमानं ठेवायच्या जागेत हवा ठेवायची नाही, दार उघडलं की सगळी वाया जाते. मेकॅनिकांनी हवेचा पोशाख घालून काम करायचं. मी म्हटलं, त्यांची खाज कोण खाजवणार? म्हणाली, ती जागा जहाजाच्या मधोमध, तिथं वजन नसलं तरी विमान मोकळं सोडता येत नाही. एकदा हललं की थांबत नाही, मध्ये माणूस आला तर त्याला भिंतीशी चिरडतं. म्हणून प्रत्येकाला एक चिमटा. हे मला पटलं. हँडब्रेक न लावता घरी जाणारा ड्रायव्हर मला कधीच खपला नाही.

भांडण झालं ते तोंडावरून. तिची सगळी विमानं चिमट्यात नाक खुपसून, भिंतीकडे तोंड करून उभी. बाहेर हवा नाही, म्हणून वैमानिक म्हणे भिंतीतून थेट नाकातल्या दारानंच आत शिरतो.

“भिंतीकडे तोंड करून शिक्षा झालेली पोरं उभी राहतात,” मी म्हटलं. “निघायची वेळ आली की?”

“मागे सरकेल आणि जागच्या जागी वळेल. तिथं टायर नाहीत, ताता. वळायला रस्ता लागत नाही.”

“गाडी ती गाडी. तोंड बाहेरच पाहिजे.”

“तू गेलायस का अंतराळात?”

“तू गेलीयस?”

बाहेरून मुलगा ओरडला, “अप्पा, पोदुम!” पोदुम म्हणजे पुरे. या घरात हा शब्द मला सोडून दुसऱ्या कुणाला ऐकावा लागत नाही.

तिचं म्हणणं मला कळत नव्हतं असं नाही. पण ज्या दिवशी मी “बरं” म्हणेन, त्या दिवशी तिला माझ्या खोलीत यायचं कारण उरणार नाही, हेही मला कळत होतं. म्हणून मी हटलो नाही. रोज नवी खोट काढत गेलो.

कंपनीत प्रदर्शन होतं. तिनं त्या जहाजाचं मॉडेल बनवलं, मधोमध कापून उघडं ठेवलेलं, आत बोटाएवढी विमानं. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आयुधपूजा आली. आमच्याकडे त्या दिवशी ज्याचं जे हत्यार ते देवापुढे ठेवतात. डेपोत गाड्या धुवून गंध-कुंकू लावायचं, केळीचे खुंट बांधायचे, चाकाखाली लिंबू ठेवायचं. आणि आरतीच्या दिव्याला पाठ दाखवून एकही गाडी उभी राहता कामा नये. ते माझं काम होतं आणि मी ते चुकवलं नाही.

तिनं मॉडेल देवापुढे ठेवलं आणि तिघंही तांबरमला सुनेच्या माहेरी गेले. मी दिवा लावला. पाहतो तर सगळी विमानं दिव्याकडे पाठ करून उभी. मी एकेक काढलं, फिरवलं, परत दाबून बसवलं आणि नाकावर कुंकू टेकवलं. चिमटे काडीसारखे नाजूक. त्यातले बरेच मोडले.

ती आली आणि दारातच थांबली. सून म्हणाली, “अय्यो!”

मुलगा म्हणाला, “अप्पा, हे काय केलंत?”

“दिव्याकडे पाठ होती. सरळ केली.”

“तिनं रात्रंदिवस खपून केलं होतं ते!”

मी तिच्याकडे बघत होतो. माझी तयारी होती. ती ओरडेल, मग मी ओरडेन, मग जेवताना पुन्हा सुरू होईल.

“सरी, ताता,” ती म्हणाली. सरी म्हणजे ठीक आहे. मग खाली बसून तुकडे वेचू लागली.

दुसऱ्या दिवशी ती रिकामं जहाज घेऊन गेली. कुणी विचारलं तर विमानं लढाईला गेलीत असं सांगत होती म्हणे. हे मला मुलानं सांगितलं, तिनं नाही.

आता ती दारात उभी राहून विचारते, “ताता, गोळी घेतलीस?” मी घेतली म्हणतो, ती जाते. परवा मीच तिला थांबवलं.

“काय ग, रांगेतलं पहिलंच विमान बंद पडलं तर मागच्यांनी काय करायचं?”

ती फोनमध्ये बघत होती. “तो खेळ आता दुसऱ्या टीमकडे गेला, ताता. माझं काम संपलं.”

“बरं,” मी म्हटलं.

ती गेल्यावर मी दार लोटून घेतलं. तरी सांगतो, तिची विमानं उलटीच उभी होती.